खळग्यातला तंबू

“ताई, जागा झकास मिळालीय. अजिबात वारा नाही!” नेहा सॅटेलाइट फोनवर म्हणाली, आणि मी बेटाचा नकाशा पुढे ओढला.

नेहा पुण्याची, आमच्या टीममधली सगळ्यात तरुण जिऑलॉजिस्ट. ती आणि सिंगापुरी टेक्निशियन जेसन दुपारीच बेटावर उतरले होते. मी सिंगापूरमध्ये, क्लेमेंटीच्या ऑफिसात. फील्डवरच्या लोकांच्या सेफ्टीची जबाबदारी माझी. गुडघे गेल्यापासून मी बेटांवर जात नाही, नुसती काळजी करते.

हे बेट म्हणजे समुद्राखालच्या ज्वालामुखींच्या रांगेचं वर आलेलं एक टोक. तिथे भूकंपमापक बसवायचे होते. तंबू डोंगराच्या उघड्या धारेवर ठोकायचा, असं आमचं ठरलं होतं. धारेवर वारा सोसवेना, म्हणून हे दोघे खाली खळग्यात उतरले. कुणीही उतरलं असतं.

पण ज्वालामुखी शांत दिसला तरी जमिनीतून कार्बन डायऑक्साइड झिरपत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. हवेपेक्षा जड. वारा असला की पांगतो, नसला की खळग्यात साचतो, वाटीत पाणी साचावं तसा.

“गॅसचा मीटर बघितलास?”

“हो ताई, नॉर्मल आहे.”

“कुठंय मीटर?”

“जॅकेटला. छातीवर.”

“आणि जेसन?”

“तंबूत आडवा झालाय. डोकं दुखतंय म्हणाला. बोट लागली असेल.”

मीटर उभ्या माणसाच्या छातीवर, आणि माणूस जमिनीवर झोपलेला!

“नेहा, वाकू नकोस. आत जाऊ नकोस. बाहेरूनच ओरडून त्याला उठव.”

ती ओरडली. उत्तर नाही. पुन्हा ओरडली. तेवढ्या वेळात मी देवापासून विमा कंपनीपर्यंत सगळ्यांची आठवण काढली. मग लांबून आवाज आला, “हेडेक ओन्ली, लाह. व्हाय शाउट?”

तो झोकांड्या खात बाहेर आला. “आता मीटर दोरीला बांध आणि खाली सोड,” मी म्हटलं. मीटर जमिनीजवळ पोचला आणि किंचाळायला लागला. मला तो फोनवर ऐकू आला.

“सामान राहू दे. दोघं वर चढा. आत्ता.”

वर वाऱ्याने हाल केले. सामान नंतर खळग्यातही वारा शिरल्यावर काढलं, धारेवर तंबूची काठी मोडली, काम लांबलं. जेसनची डोकेदुखी मात्र मोकळ्या हवेत थांबली. दोघं धडधाकट परत आले.

क्लायंट चिडला. माझे बॉस, मिस्टर लिम, टेबलापाशी येऊन उभे राहिले. “क्लायंट आस्किंग. नोबडी ॲडमिटेड, नोबडी डाय, सो व्हाय डिले?”

पूर्वी मी अशा प्रश्नावर तावातावाने बोलायचे. आता दम नाही. कुणी मेलं असतं तर हा प्रश्न आला नसता, एवढंच मी म्हणाले आणि सेफ्टीच्या नियमांत एक वाक्य घातलं: माणूस ज्या उंचीवर झोपतो, तिथली हवा मोजावी.

लिमनी ते वाचलं. “दिस ऑल्सो मस्ट राइट, आह? दे ऑल गॉट डिग्री.”

“म्हणूनच,” मी म्हटलं.