सेगोव्हियाच्या चढावर

बंगळुरूच्या जे. पी. नगरातून तुरहळ्ळीच्या जंगलापर्यंत धावत जायचं म्हणजे दुधाच्या गाड्या, टँकर आणि कुत्री यांच्यातून वाट काढावी लागते. तरी रविवारी सकाळी मी जातेच. टेकडीवर पोचून, खडकाला हात टेकून दम घेताना मला सेगोव्हिया आठवतं. स्पेनमधलं, माद्रिदहून रेल्वेनं अर्ध्या तासावरचं, डोंगराच्या टोकावर तटबंदी बांधून वसलेलं ते जुनं गाव. मी तिथं एक वर्ष राहिले, आणि धावायला तिथंच शिकले.

त्याआधी मी कधी बससाठीसुद्धा धावले नव्हते. वडील सरकारी कारखान्यात इंजिनीअर, त्यामुळे माझं सगळं आयुष्य बंगळुरूत गेलेलं. घरात मराठी, दारात कन्नड आणि कोरमंगल्याच्या ऑफिसात इंग्रजी, अशा तीन भाषा बोलणाऱ्या मला ऑफिसनं अशा ठिकाणी पाठवलं, जिथं यातली एकही चालत नव्हती. दुपारी दुकानं बंद, संध्याकाळी सगळा गाव चौकात गप्पा मारायला, आणि मी दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या ऐकत बसलेली.

माझ्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त दंतवैद्य बाई राहायच्या. पासष्टीच्या, काटक, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एका शनिवारी सकाळी मी पाव घेऊन परत आले आणि त्या जिन्यात बुटांची नाडी बांधत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायांतल्या कॅनव्हासच्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चल." एवढा एक शब्द मला कळत होता.

मी इंग्रजीत म्हटलं, "मी धावत नाही."

त्यांना इंग्रजी येत नव्हतं, किंवा त्या दिवशी तरी येत नव्हतं. त्या जिना उतरू लागल्या. मी पावाची पिशवी हातात घेऊन मागोमाग गेले.

त्यांची नेहमीची वाट तटबंदीच्या दरवाजातून खाली एरेस्मा नदीकडे उतरायची. नदी म्हणजे आपल्याकडचा ओढाच, पण काठानं पॉपलरची उंच झाडं आणि एका मठाची लांबच लांब भिंत. पूल ओलांडला की चढ सुरू व्हायचा. दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं आणि वर सामार्रामाला नावाचं चिमुकलं खेडं. तिथं पोचून मागे वळलं की दरीपलीकडे किल्ल्याचे टोकदार मनोरे, कॅथेड्रल आणि त्यामागे बर्फाचे डोंगर, सगळं एका नजरेत यायचं. पहिल्या दिवशी मला यातलं काही दिसलं नाही. मी पुलावरच बसले होते. त्या वर जाऊन परत आल्या, माझ्या पिशवीतून पावाचा तुकडा तोडून त्यांनी खाल्ला आणि म्हणाल्या, "उद्या पुन्हा."

दुसरी वाट दक्षिणेकडच्या पाइनच्या टेकडीवर. तिथं मध्ययुगातल्या ज्यूंची थडगी खडकात कोरलेली आहेत. तो भाग आला की बाई चालायला लागायच्या. "इथं धावायचं नाही," एवढंच त्या पहिल्यांदा म्हणाल्या. नंतर कधी सांगावं लागलं नाही.

मी फोनवर आईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "धावतेस? का गं, कोण मागे लागलंय?"

हिवाळाभर धावलो. गोठलेल्या दवानं पांढऱ्या झालेल्या शेतांतून, नाकाचा शेंडा बधिर होईपर्यंत. मी पुलापासून अर्ध्या चढावर आणि अर्ध्या चढावरून खेड्यापर्यंत कधी पोचायला लागले ते कळलंही नाही. बाईंचा एकच नियम होता: धावताना फोन बरोबर नको.

मग मार्चमध्ये, रात्रभर पाऊस पडून गेलेल्या एका रविवारी, नदीकाठच्या ओल्या दगडावरून त्यांचा पाय घसरला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. त्या आडव्या पडून आभाळाकडे पाहत होत्या आणि घोटा भलत्याच दिशेला वळला होता. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मी माझं जाकीट त्यांच्या अंगावर घातलं.

"जा," त्या दात आवळून म्हणाल्या. "आणि घसरू नकोस."

नदीपासून तटबंदीच्या दरवाजापर्यंतचा चढ मी त्याआधी कधीही न थांबता चढले नव्हते. त्या दिवशी थांबायचं सुचलंच नाही. दरवाजाशी एक माणूस आपल्या कॅफेच्या खुर्च्या बाहेर मांडत होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले, तोंड उघडलं आणि सगळं स्पॅनिश गळून गेलं. लवकर या म्हणायचं होतं, तोंडातून आलं ते कन्नड. "अण्णा, बेग बन्नी! बेग!"

तो खुर्ची हातात धरून बघतच राहिला. मी श्वास घेतला. "नदी," मी म्हटलं. "बाई. दातांची डॉक्टर. पाय." आणि दोन्ही हातांनी काडी मोडल्यासारखं केलं.

"दोन्या दंतवैद्य?" तो ओरडला. दोन्या म्हणजे आपल्यातलं बाईसाहेब. गावातल्या निम्म्या लोकांचे दात बाईंनी काढलेले होते. त्यानं खुर्ची टाकली, फोन लावला आणि ॲम्ब्युलन्सची वाट न पाहता दोन शेजाऱ्यांना घेऊन माझ्यापुढे धावत सुटला. बाई तिथंच होत्या, थंडीनं निळ्या पडलेल्या. त्याला पाहून म्हणाल्या, "तू दाढ दाखवायला आलाच नाहीस." मी तिथंच खाली बसले आणि हसता हसता रडायला लागले.

घोट्याचं ऑपरेशन झालं आणि बाई खिडकीजवळच्या खुर्चीत अडकल्या. त्यांना बसणं माहीत नव्हतं. पहिले काही दिवस त्या खिडकीकडे तोंड करून बसायच्या. मी सूप नेऊन द्यायचे, ते त्या गार होऊ द्यायच्या. मग एका संध्याकाळी मी एकटी धावून आले आणि दार वाजवलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठं गेली होतीस?"

"वर. खेड्यापर्यंत."

"काय होतं?"

"झाडं होती," मी म्हटलं. तेवढंच स्पॅनिश होतं माझ्याकडे.

"झाडं!" त्या भडकल्या. "कुठली झाडं? पानं फुटली का? मठाच्या भिंतीशी अक्रोड आहे, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी मी अक्रोडापाशी थांबून नीट पाहिलं. मग हे रोजचंच झालं. मी धावायचे, पाहायचे आणि संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून सांगायचे. त्या चुका सुधारायच्या आणि पुढचं विचारायच्या. करकोच्यांनी मनोऱ्यावर घरटं नीट केलं की नाही, गहू गुडघ्यापर्यंत आला की कमरेपर्यंत, मेंढ्या अजून पुलापाशी उतरतात का. माझं स्पॅनिश असं त्या वाटांवरून आलं. त्यामुळे मला बँकेत धड बोलता येत नव्हतं, पण शेताच्या बांधावरच्या लाल फुलांची, काट्यांची, शेळ्यामेंढ्यांची नावं तोंडपाठ होती. मागं वळून पाहते तेव्हा त्या संध्याकाळीच मला त्या वर्षातल्या सगळ्यात सुखाच्या वाटतात. खिडकीबाहेर उन्हाळ्याचा न संपणारा उजेड, टेबलावर ऑलिव्ह आणि माझं अडखळत चाललेलं वर्णन.

परत निघायच्या आधी, ऑक्टोबरात, बाई काठी टेकत आणि मी त्यांच्या बाजूनं, अशा आम्ही सामार्रामालापर्यंत चालत गेलो. खूप वेळ लागला. वर पोचल्यावर बाईंनी शेतांकडे, गावाकडे, डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू सांगितलंस त्याहून लहान आहे सगळं." जरा वेळानं माझा दंड धरून त्या म्हणाल्या, "पण तुझंच मला जास्त आवडलं."

त्यानंतर काही वर्षांनी, एका डिसेंबरात त्या बंगळुरूला आल्या. आमच्याकडेच राहिल्या. आईला स्पॅनिश येत नव्हतं आणि त्यांना मराठी, पण दोघी स्वयंपाकघरात तासन्‌तास बोलायच्या, आपापल्या भाषेत. चामराजपेटच्या बाजारात दोघींनी मिळून एका फुलवाल्या अक्काशी घासाघीस केली. ती कुठल्या भाषेत केली ते मला आजतागायत कळलेलं नाही.

रविवारी मी त्यांना तुरहळ्ळीला नेलं. आईनं गाडीतच बसून राहायचं ठरवलं होतं. बाईंनी दार उघडलं, हात पुढे केला आणि स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, "चल." आई माझ्याकडे वळली. "काय म्हणते ही?" मी भाषांतर करायच्या आत ती उतरली होती. नऊवारी नव्हे, साधीच सुती साडी, पदर खोचलेला. एक लंगडत, एक धापा टाकत, दोघी एकमेकींना ओढत खडकांवरून वर गेल्या. मी डबा घेऊन मागून. वर बसून तिघींनी चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, खाल्लं. खाली उंच इमारतींची रांग, धुकं आणि कुठून तरी देवळातली गाणी.

"तू दर रविवारी इथं येतेस?" आईनं मला विचारलं. "मग मला कधी का नाही आणलंस?"

बाई आता मुलाकडे समुद्रकाठच्या गावात राहतात. सेगोव्हियातलं घर विकलं. "इथं सगळं सपाट आहे," त्या फोनवर तक्रार करतात, "माणसानं चढायचं कशावर?" आई बाजूला उभी असते. फोन ठेवायच्या आत तिला हातात हवा असतो, काही तरी सांगायचं असतं, मराठीतच. मी देते आणि दुसऱ्या खोलीत जाते.