चार इंच वर

माझी शाळा चौथीपर्यंत. पण जीपच्या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवायला येऊ नये, असं मी आजवर मानत आलो.

आमचं आंब्याच्या कलमांचं रान वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर. घरापासून तिथे जायला जांभ्यातली गाडीवाट आहे. चाकं जातात तिथे पावसाने दोन चर पडले आणि मधोमध कातळाचा एक उंचवटा उरला. वर्षावर्षाला तो जीपच्या पोटाला जास्तच घासायला लागला. गेल्या साली ऐन मोहरात त्याने इंजिनाच्या चेंबरला चीर पाडली. सगळं तेल वाटेत.

पहार घेऊन दोघं लागले असते तर अर्ध्या दिवसात कातळ निघाला असता. पण तो येतो चुलतभावाच्या हद्दीत, आणि त्याच्याशी मी बोलत नाही. माझ्या वडिलांच्या बाराव्याला चार पाहुण्यांसमोर तो म्हणाला होता, "याला काय विचारता, याला सातबारा तरी वाचता येतो काय?" लोक हसले. कोण कोण हसलं ते मला आजही पाठ आहे.

"मी बोलू का भावजींशी?" बायकोने विचारलं.

"बोललीस तर बघ."

मग मी जीप उचलून घ्यायचं ठरवलं. कातळ हलत नाही तर गाडी वर जाईल. एका काठीवर दोन खुणा केल्या, एक कातळाच्या उंचीची, एक जीपच्या पोटाची, आणि काठी घेऊन रत्नागिरीत गॅरेजवाल्याकडे गेलो. माणूस पन्नाशीचा, जुन्या जीपांतला जाणता. त्याने खुणा बघितल्या.

"काका, इंचभर कमी पडतंय. दोन इंच उचलू, बोटभर जागा वर राहील."

"आणि चार?"

"चाराला स्प्रिंगचे पाटे नवे लागतील, शॉकअप लांब लागतील. वळणावर गाडी झुलेल. कशाला पाहिजे?"

कशाला ते त्याला काय सांगू. चुलतभाऊ सकाळी पडवीत चहा पीत बसतो, तिथून ती वाट दिसते. बोटभर जागा त्याला दिसली नसती. मला जीप त्या कातळावरून अशी न्यायची होती की त्याने कप खाली ठेवावा.

"चार," मी म्हटलं.

"काकी बसतात ना गाडीत? चढायला उंच होईल हो त्यांना."

"तिचं मी बघून घेईन. तू पाट्यांचं बघ."

चाळीस वर्षं ती माझ्या शेजारी बसून रानात येत आली. आंबा तयार झाला की नाही ते मी देठाकडे बघून सांगतो, ती नुसती झाडाखाली उभी राहून सांगते, आणि बहुतेक वेळा तिचंच खरं निघतं. तिचे गुडघे गेलेले होते. मला ते माहीत नव्हतं असं नाही.

जीप घरी आली त्या सकाळी ती पदर खोचून बाहेर आली. दांडी धरली, पाय उचलला. पाय पोचला नाही. मी आतून पाट आणला. पाटावरून पाय पोचला, पण गुडघा वर घेईना. बांधावर दोघीतिघी बायका उभ्या होत्या. मी मागून आधार द्यायला हवा होता. मी म्हटलं, "लवकर चढ, ऊन होतंय."

ती खाली उतरली. हात पदराला पुसले. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाली, "माझी आमटी राहिलीय."

मी गेलो. जीप कातळावरून न घासता गेली. पडवीत कोणी नव्हतं.

पुढे आंबा भरात आला तरी ती वर आली नाही, मी कोवळा आंबा उतरवला, पेट्या परत आल्या. मग एका सकाळी वाटेत बघतो तर कातळ फोडलेला, खपऱ्या बाजूला रचून ठेवलेल्या. घरी येऊन विचारलं तर तिने काही लपवलं नाही.

"मीच सांगितलं भावजींना. त्यांनी त्याच दिवशी माणूस लावला. म्हणाले, वहिनी, त्याने एकदा तोंडाने सांगितलं असतं तर तेव्हाच फोडला असता."

"तुला नको म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत. मला रानात जायचं होतं."

आता त्या वाटेने कोणतीही गाडी जाते. चुलतभावाची बुटकी मोटारही जाते, आणि तिच्यात माझी बायको बसून माझ्याच रानात जाते. मी पोचतो तेव्हा ती कलमाखाली आंबे निवडत असते. वळणावर जीप झुलते, म्हणून मला उशीर होतो.

जुने पाटे गॅरेजवाल्याने पोत्यात बांधून दिले होते. परत बसवायचे तर अर्ध्या दिवसाचं काम आहे, केव्हाही या, असं तो म्हणाला होता. मी गेलो नाही. जीप खाली आणली तर चुलतभावाला काय दिसेल ते मला कळतं. पण पाट्यांना गंज चढू दिलेला नाही. महिन्याकाठी बाहेर काढतो आणि तेलाचा बोळा फिरवतो.

परवा ती दारात उभी राहून बघत होती. "कशाला राखताय ते?"

"लोखंड आहे," मी म्हटलं.

बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला आणि ती गेली.