फोनवर वाचणारे शेगडीवाले चाचा

सोसायटीच्या कामांची यादी माझ्याकडे असते. शेगडी दुरुस्तीला मी कोरेगावच्या एका चाचांना बोलावते. अलीकडे त्यांना अजिबात ऐकू येत नाही. आल्या आल्या ते मोबाइल ओट्यावर उभा करतात. आपण बोललेलं त्यावर मराठीत उमटतं, ते वाचून चाचा मोठ्यांदा उत्तर देतात. "दमानं बोला ताई, त्यो फोन बी माझ्यावानी म्हाताराच हाय!"

मला मात्र धास्ती वाटते. गॅस गळताना होणारी बारीक फुसफुस काही मोबाइल लिहून दाखवत नाही. परवा माझ्या घरची शेगडी दुरुस्त करून झाल्यावर मी विचारलंच, "चाचा, गळती राहिली तर तुम्हाला कळणार कसं?"

त्यांनी वाचलं, दोनदा वाचलं. "दुसरा मानूस बगताय व्हय?"

त्यांनी साबणाचा फेस केला, नळीच्या जोडावर लावला आणि चष्मा टेकवून बघत राहिले. बुडबुडा आला नाही. "आता तुमचा कान लावा." मी कान लावला. काही आवाज नव्हता. तसं सांगितलं, तर मोबाइलऐवजी ते माझ्या तोंडाकडेच बघत होते.

"आता काडी मी वडतो. तुमी भाईर थांबा. ह्यो फोन बी न्या, जळायला नको."

जिन्यात उभं राहून मी हाक मारली, "चाचा, पेटली का?" उत्तर आलं नाही. मग उमगलं, फोन तर माझ्याच हातात होता.

बाहेर थांबवेना. मी आत गेले आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी अजून काडी ओढली नव्हती; ती हातात धरून ते दाराकडे बघत थांबले होते.