चार रेणूंचं कडं

भास्कर कांबळे गेल्याचा निरोप शनिवारी दुपारी आला. घरात मी आणि बायको, आणि पाण्याची वाट बघणारे सहा रिकामे हंडे. त्याला आता पाच आठवडे झाले. लिहायला बसतो, उठतो…

भाईंदरला आमची दारं समोरासमोर. मी बँकेत, ते मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत साहाय्यक, आणि नव्वदच्या आसपास नोकरी सांभाळून पीएच.डी. करत होते. पाण्याचे मोजके रेणू एकत्र आले, की एखादा जादा इलेक्ट्रॉन त्यांना कसा चिकटतो, हा विषय. "एकटा रेणू त्याला धरू शकत नाही. दोन असले तर जेमतेम," ते सांगायचे. त्यावर वहिनी म्हणायच्या, "इथे दिवसाआड पाणी येतंय, आणि ह्यांना दोन रेणू पुरतायत."

त्यांचा जीव चार रेणूंच्या कड्यात होता. भिजवलेले काबुली चणे म्हणजे ऑक्सिजन, वाटाणे म्हणजे हायड्रोजन. काड्यांनी टोचून त्यांनी ते जोडलं होतं. दाणे वाळले की काडी घट्ट बसते. हे कडं इलेक्ट्रॉन धरून ठेवतं, हा त्यांच्या प्रबंधाचा मुख्य दावा.

प्रबंध द्यायला चार दिवस उरले तेव्हा म्हणाले, "साळवी, तुमच्या बँकेसारखा ताळा करू या." मी संगणकाचे कागद मोठ्याने वाचले, ते वहीत खुणा करत गेले. कड्याच्या ओळीवर आम्ही अडलो. वहीत उतरवताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. इलेक्ट्रॉन आल्यावर ऊर्जा कमी व्हायला हवी. दुरुस्त केल्यावर ती जास्त निघाली. कडं त्याला धरतच नव्हतं.

ते कड्याकडे बघत राहिले. "शेजारच्या चण्याला न जोडलेले हे चार मोकळे वाटाणे बघा, एक वर, एक खाली. एकाची ओढ दुसरा मारतोय. तो चिकटेल कुठे?" मग विचारलं, "तुम्ही काय कराल?"

"न जुळलेल्या ताळ्यावर मी सही करत नाही."

त्यांनी प्रबंध दिला नाही. पुन्हा गणितं करण्यात दोन वर्षं गेली, तोवर नोंदणीची मुदत संपली. शेवटपर्यंत ते साहाय्यकच राहिले. मी गप्प बसलो असतो तर… हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

पुण्यानुमोदनानंतर वहिनींनी ते कडं माझ्या हातात दिलं. आता आमच्या शोकेसमध्ये आहे. काल पुसताना बायको म्हणाली, "एका ठिकाणी सुटलंय हो. डिंक लावू?"

"राहू दे. त्यांनीच सोडवलंय ते."

मोकळे वाटाणे मी मोजले. पाच. सगळे एकाच बाजूला वळवलेले.