शेवटच्या पंगतीचे आतोबा

आमच्या आतोबांच्या हातचं वाढून न घेतलेला माणूस अख्ख्या परंडा तालुक्यात सापडायचा नाही, आणि माझी आत्या सोडली तर त्यांना स्वतःला जेवताना पाहिलेला माणूसही सापडायचा नाही. आतोबा म्हणजे या आत्याचे यजमान. शेती बेताची, उंची बेताची, आवाज मात्र तीन मांडव पुरून उरेल एवढा. लग्न असो, जावळ असो, की सोनारीच्या भैरोबाला केलेलं जेवण असो, आतोबा मांडवात शिरले की नवरा-नवरीकडं ढुंकूनही बघत नाहीत. ते थेट आचाऱ्याकडं जातात, पातेल्यांची झाकणं उघडून वास घेतात, मान हलवतात, खांद्यावरचा टॉवेल कमरेला आवळतात आणि बादली उचलतात. त्यानंतर त्यांना खाली बसवणं ब्रह्मदेवाच्याही हातात नसतं. कार्याच्या यजमानानं दंड धरून ओढलं तरी त्यांचं वाक्य ठरलेलं, "सगळ्यांचं हू द्या. म्या शेवटच्या पंगतीला हायच." ही शेवटची पंगत बसते तेव्हा बुंदीची परात खरवडलेली असते, वांग्याच्या भाजीत नुसता रस्सा उरलेला असतो आणि पाहुणे एसटी धरून आपापल्या गावाला लागलेले असतात.

वाढणं हे त्यांच्या लेखी शास्त्र आहे आणि त्या शास्त्राचे ते एकटेच पंडित आहेत. माणूस तोंडानं काय बोलतो याला पंगतीत काडीची किंमत नसते, असं त्यांचं स्पष्ट मत. नको म्हणून ताटावर आडवा धरलेला हात तेवढा बघायचा. बोटं घट्ट जुळलेली असतील तर पोट खरंच भरलंय, पुढं सरकायचं. बोटांत फट दिसली की बेलाशक वाढायचं. एकदा आमच्या साहेबांना मी त्यांच्याकडं हुरड्याला नेलं होतं. साहेबांनी पथ्याचं कारण सांगून दोन्ही हात ताटावर पसरले. आतोबांनी क्षणभर बोटांकडं पाहिलं आणि शेंगाची चटणी, दही, गूळ, पुन्हा हुरडा असं सगळं ओळीनं वाढलं. साहेबांनी ते निमूटपणे संपवलं. परतताना गाडीत ते बराच वेळ स्वतःच्या बोटांकडं बघत होते.

या नादापायी एकदा भलताच घोळ झाला. बार्शीला आमच्या चुलतभावाचं लग्न होतं. शेजारी-शेजारी दोन कार्यालयं, दोन्हीकडं तोच बँड, तीच कमान. आतोबा घाईघाईनं शिरले ते नेमके दुसऱ्या कार्यालयात, आणि नवरा-नवरीकडं न बघण्याची सवय असल्यामुळं त्यांना पत्ताच लागला नाही. मुलीकडच्यांना वाटलं हे मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे. दोन पंगती उठल्यावर मी त्यांना शोधत तिथं पोचलो, तेव्हा ते एका अनोळखी आजोबांना जिलबीचा आग्रह करत होते. "आतोबा, हे आपलं लग्न नव्हं," मी कानात सांगितलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू लग्न चुकवल्याचा गुन्हा मीच केला होता. "मग? पंगत अर्धी टाकून येऊ व्हय?" म्हणाले आणि पुढच्या ताटाकडं सरकले. त्या घरातल्या प्रत्येक कार्याची पत्रिका आता आतोबांना न चुकता येते. आमच्या चुलतभावानं मात्र अजून त्यांच्याशी धड बोलणं ठेवलेलं नाही.

पुढं बुफे आला आणि आतोबांचे दिवस फिरले. "हातात ताट धरून लायनीत हुबं राहायला ही काय साखर कारखान्यावरची वजनकाट्याची लाईन हाय का?" असं ते ढोकीकडच्या एका लग्नात केटरिंगवाल्याला तोंडावर म्हणाले. तरीही मागं हटले नाहीत. टेबलापलीकडं शिरून त्यांनी केटररची माणसं बाजूला केली, पळी हातात घेतली आणि जो कुणी घाईनं पुढं सरकेल त्याला मागं बोलावून पुन्हा भात वाढला. रांग मांडवाबाहेर गेली.

आत्या या सगळ्याकडं कौतुकानं बघायची की वैतागानं, हे मला कधी कळलं नव्हतं. ते कळलं मागच्या हिवाळ्यात. तिचे गुडघे धरले होते म्हणून तिला दाखवायला दोघं धाराशिवला माझ्याकडं आले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि यापुढं मांडी घालून जमिनीवर बसायचं नाही, खुर्चीवरच बसायचं, असं बजावलं. मी त्यांना गाडीनं परंड्याला सोडायला निघालो. आतोबा पुढच्या सीटवर घोरायला लागले, तशी आत्या मागून हळूच म्हणाली, "त्या हायवेच्या हाटेलात थांबशील का रं? जातायेता एसटीतनं बघतिया म्या. समदी जोडीनं बसल्याली असत्यात."

"थांबू की. काय खायचंय तुला?"

"खायचं काय बी चालंल. माझं लगीन झाल्यापासनं ह्यांच्याम्होरं बसून म्या एक घास खाल्ला न्हाय. मांडी घालून जोडीनं बसायचं तर आता ऱ्हायलंच. एकडाव खुर्चीवर का हुईना, ह्यांच्यासंगं जेवायचंय."

आत्यानं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं, त्यामुळं मी गाडी वळवली. हाटेलाच्या पाटीवर फूड कोर्ट लिहिलेलं, पण फूड कोर्ट कसलं, ती जत्राच होती. मधे टेबलं आणि चहूबाजूंनी काउंटर, एकीकडं डोसा, एकीकडं चायनीज, एकीकडं पावभाजी. आधी कूपन घ्यायचं, भिंतीवर लाल आकड्यात आपला नंबर आला की उठायचं आणि आपला ट्रे आपणच आणायचा. मी तीन मसाला डोसे आणले. आत्या पदर सावरून खुर्चीत ऐटीत बसली. आतोबा उभेच.

"बसा की," मी म्हणालो.

"तुमी घ्या. ह्या लोकांचं हू द्या जरा." त्यांची नजर हॉलभर फिरत होती. समोरच एक म्हातारी बाई ट्रे सावरत नेत होती, सांबार सांडत होतं. आतोबांनी झेप घेऊन ट्रे धरला, तिला टेबलाशी बसवलं, आणि मग जे व्हायचं तेच झालं. टॉवेल कमरेला गेला. डोशाच्या काउंटरवर जाऊन त्यांनी असा आवाज दिला की आतल्या माणसानं काहीही न विचारता स्टीलची बादली सांबारानं भरून हातात दिली. "सांबार घ्या, सांबार! व्हय, हात काढा, बोटांत फट हाय तुमच्या!" लोक आधी बिचकले, मग खुशीत आले. पावभाजीवाल्यांनीही सांबार घेतलं. नूडल्स खाणाऱ्या एका जोडप्याला तर त्यांनी नूडल्सवरच वाढलं, आणि त्या दोघांनी तेही खाल्लं.

इकडं आत्यानं डोशाला हात लावला नव्हता. मी तिला खूप विनवलं. "हे बसल्याबिगर न्हाय," एवढंच ती म्हणाली. डोसा मऊ पडला, चटणी सुकली. तिच्या चेहऱ्यावरची ती मघाची ऐट हळूहळू उतरायला लागली, आणि मला आतोबांचा आयुष्यात पहिल्यांदा खरोखर राग आला.

तेवढ्यात मॅनेजर धावत आला. "काका, तुम्ही कुठल्या काउंटरचे?"

"म्या परंड्याचा," आतोबा म्हणाले. "तुमची शेवटची पंगत कवा बसती, तेवढं सांगा. तवर म्या आवरतो."

"काका, हितं पंगत नसती. शटर खाली हुस्तवर गिऱ्हाईक येतच राहतंय."

आतोबा बादली घेऊन तसेच उभे राहिले. दारातून नवी माणसं आत येतच होती. जिथं शेवटची पंगतच नाही तिथं आपण जेवायचं कधी, हा प्रश्न त्यांना उभ्या जन्मात पहिल्यांदा पडला असावा. आणि त्याच वेळी आत्या उठली. दुखरे गुडघे धरत, टेबलांमधून वाट काढत ती त्यांच्यापर्यंत गेली. मी धावलो, पण तिनं हातानंच मला थांबवलं.

"अवो, लोकांचं झाल्यावर तुमी जेवता, व्हय ना?" ती म्हणाली.

"व्हय."

"अन् घरी तुमचं झाल्यावर कोण जेवतंय?"

आतोबांनी बादली या हातातून त्या हातात घेतली.

"म्या जेवते. लगीन झाल्यापासनं रोज. मग शेवटची पंगत कुणाची हो? तुमची का माझी?"

आजूबाजूच्या टेबलांवरचे चमचे थांबले होते. पाटावर बसवून आग्रहानं वाढलेली हजार माणसं आतोबांना तोंडपाठ होती, पण त्यांच्या ताटापलीकडं, चुलीपाशी बसलेलं हे एक माणूस त्यांच्या मोजणीतून सुटलं होतं. त्यांनी बादली मॅनेजरच्या हातात दिली, कमरेचा टॉवेल सोडला आणि आत्याच्या कोपराला धरून तिला टेबलापाशी आणलं. स्वतः खुर्चीच्या कडेवर बसले.

आता नवीनच पेच. "तू घे आधी," हे म्हणतात. "तुमी घ्या," ती म्हणते. शेवटी त्यांनी वाटी उचलली, "सांबार?" असं विचारलं. आत्यानं ताटावर हात आडवा धरला. आतोबांनी तिच्या बोटांकडं पाहिलं. बोटांत चांगली फट होती. त्यांनी वाढलं, तिनं घास घेतला, त्यांनीही घेतला. गार, मऊ पडलेला डोसा होता तो, पण आत्या म्हणाली, "लई ग्वाड लागतंय."

परवा काही कामानं परंड्याला गेलो होतो. आगाऊ कळवलं नव्हतं, नेमका जेवणाच्या वेळेला पोचलो. स्वयंपाकघरात एक प्लास्टिकचं टेबल आलेलं, दोन खुर्च्या, आणि दोघं समोरासमोर बसून भाकरी खात होते. मला बघताच आतोबा सवयीनं अर्धवट उठले, हात खांद्यावरच्या टॉवेलकडं गेला. मग त्यांनी आत्याकडं पाहिलं आणि परत खाली बसले.

"ताट फळीवर हाय," म्हणाले. "आपल्या हातानं घे, लेका. हितं आता सेल्फ सर्व्हिस हाय."

मी ताट घेतलं, आमटी वाढून घेतली आणि भिंतीला टेकून खाली बसलो. एक भाकरी संपली. त्या घरात एका भाकरीवर मी आजवर कधी उठलो नव्हतो. दुसरी हवी होती, पण आपणहून घ्यायचा संकोच वाटला, म्हणून उगाचच ताटावर हात आडवा धरून बसलो, बोटं चांगली फाकवून. दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. आतोबा आत्याला कसलीतरी लग्नातली गोष्ट सांगत होते आणि ती तोंडावर पदर धरून हसत होती. आत्याला तसं बघून मला फार आनंद वाटला. भूक मात्र तशीच राहिली.