चाँदमामूंची मुकी सवारी

तुमच्या गावच्या मिरवणुकीत वाजवणारा माणूस उद्या म्हणाला, "आज मी वाजवणार नाही," तर तुमचा देव जागचा हलेल का? प्रश्न टोचला तर टोचू द्या. चाँदमामू गेल्यापासून तो मला टोचतो आहे.

बातमी आली तेव्हा मी लातूरच्या खोलीवर एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. फोन नसीमआपाचा होता. नसीमआपा म्हणजे मामूंची लेक, उदगीरला दिलेली. "अब्बा गेले गं…" एवढंच बोलली. मागे कुणीतरी बादली भरत होतं, पाणी काठावरून सांडत होतं, आणि फोन तसाच चालू राहिला. मी प्रूफ बाजूला ठेवलं आणि त्या क्षणी खोलीबाहेरच्या गल्लीतून पायांचा आवाज ऐकला. खूप अनवाणी पाय, सावकाश, एकाच दिशेला जाणारे. दार उघडलं तर गल्लीत कुणी नव्हतं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही, हे मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको. पण ऐकलं ते ऐकलं. लहानपणी दर मोहरमला आमच्या उंबऱ्यातून मी हाच आवाज ऐकत आले होते.

आमचं गाव जळकोटपासून लांब नाही. गावात मुसलमानांचं घर एकच, चाँदमामूंचं. मामू गाद्या भरायचे आणि आशुरखान्याची झाडलोट बघायचे. आशुरखाना म्हणजे एक बुटकी, चुन्यानं रंगवलेली खोली. मोहरमला तिथं पितळी पंजे बसायचे, समोर अलाव्याचा, म्हणजे विस्तवाचा, खड्डा खणला जायचा. मलिदा घेऊन सगळं गाव यायचं, नवस बोलायचं, लेकरांना हिरवे कपडे घालून फकीर करायचं. शेवटच्या दिवशी मामू पंजा खांद्यावर घेऊन ओढ्याकडे निघायचे आणि गाव मागून चालायचं; हीच सवारी. इतर गावांत ताशे, हलग्या, दणदणाट. आमच्या गावात काही नाही. फक्त पाय. पंज्याला बांधलेल्या कापडाची फडफड आणि पाय. कंधारकडून, उदगीरकडून पाहुणे मुद्दाम बघायला यायचे. लोक त्यांना सांगायचे, आमच्या पीराला वाजवलेलं चालत नाही, एकदा कुणी वाजवलं तर हलगीचं कातडं आपोआप फाटलं, लई कडक पीर हाय.

आमच्या बौद्ध वस्तीच्या कडेनं ती सवारी जायची. आम्ही तिच्यात चालत नव्हतो, पाया पडत नव्हतो. आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा नांदेडहून छापून आणायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्याच एका पत्रकावरून: 'हलगी फोडली, गावकी मोडली.' माझ्या आज्यानं सवारीपुढं हलगी वाजवायला नकार दिला, हलगी दगडावर आपटून फोडली, अशी ती हकीकत होती. मला ती तोंडपाठ होती.

म्हणूनच कॉलेजात असताना मी पीराच्या चमत्काराविरुद्ध एक पत्रक काढलं आणि पहिली प्रत मामूंनाच नेऊन दिली. लपूनछपून करायचं नव्हतं. मामू कापूस पिंजत बसले होते. भुवयांवरसुद्धा कापूस. त्यांनी कागद उलटासुलटा करून बघितला.

"छपाई चांगली हाय. कागद जरा पातळ लावलास."

"मामू, मस्करी नको. कातडं आपोआप फाटलं म्हणतात, ते खरं आहे का?"

"न्हाई."

"मग सांगत का नाही लोकांना?"

मामू उठले, कापूस झटकला आणि मला आशुरखान्यात घेऊन गेले. आतल्या भिंतीला, पंज्यांच्या पेटीच्या वर, एक खुंटी होती. खुंटीला हलगी होती. धड, अख्खी.

"तुझ्या आज्याची," मामू म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. दीक्षेनंतर गावकीची बाकी कामं आमच्या लोकांनी सोडली होती, पण सवारीपुढची हलगी सुटत नव्हती. एका मोहरमला आजा म्हणाला, आता नाही. गावानं आमच्या वस्तीची गिरणी बंद केली, विहीर बंद केली. हलगीशिवाय सवारी उठत नाही, असं म्हणून मोठी मंडळी आशुरखान्यापुढं बसून राहिली. त्याच्या आदल्या संध्याकाळी आजा मामूंच्या दारात आला होता. मामू तेव्हा तरणे, नुकतंच बापामागं त्यांच्याकडे सगळं आलेलं. आज्यानं हलगी पुढं केली. "ही तुझ्याकडं ठेव चाँद. घरात राहिली तर एखाद्या दिवशी भूक वाजवायला लावंल."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी उचलला पंजा अन् निघालो. कुणी म्हणलं, अरे वाजवल्याबिगर कसं? मी म्हणलं, पीर काय बहिरा हाय का? हाका मारून उठवायला त्यो काय तुमचा सालगडी हाय?" मामू हसले. "सवारी उठल्यावर बसून राहायची हिंमत कुणाची? आले की सगळे मागं. अनवाणी. मोठ्या घरचे बी आले."

गिरणी काही दिवसांनी उघडली. विहिरीला वेळ लागला. पण दुसऱ्या वर्षीही मामू न वाजवता निघाले, तिसऱ्याही. मग कुणीतरी कातडं फाटल्याची गोष्ट जोडली. मामूंनी ती खोडली नाही.

मी चिडले होते. "म्हणजे माझ्या आज्याच्या नकारावर तुम्ही चमत्काराचं फडकं टाकलंत."

"हाव. झाकलं." त्यांचा आवाज खाली आला. "झाकलं म्हणून टिकलं, पोरी. पीराचा नियम म्हणून पाळतेत. तुझ्या आज्याचा शब्द म्हणून पाळले असते का? तूच सांग."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. खरं सांगून टिकत नसेल, तर ते टिकण्याला काय अर्थ… असं मी म्हणाले. मामू म्हणाले, "मी हाय तवर लिहू नको. माझ्यामागं तुझी तू मालक."

त्यानंतर दर मोहरमला मी त्यांना भेटायला जायची. अलाव्याचा जाळ बसला की मामू ती हलगी खुंटीवरून काढायचे, निखाऱ्यांच्या उबेला धरायचे, कातड्यावर तळवा फिरवायचे. ताणलं गेलं की परत टांगायचे. एकदा विचारलं, "वाजवायची नाही, तर शेकता कशाला?"

"अमानत हाय. मालक कधी मागायला आला, तर ढिली देऊ का हातात?"

मालक कधीच आला नाही. आजा माझ्या जन्माआधीच गेला होता, हे मामूंना माझ्याहून चांगलं माहीत होतं.

मामूंच्या चाळिसाव्याला गावी गेले. जेवणं झाल्यावर गावातल्या मंडळाचा एक तरुण जवळ आला. चांगला पोरगा. मामूंच्या जनाज्याला खांदा देणाऱ्यांत तो पुढे होता. "ताई, यंदा सवारी दणक्यात काढायलोत. डीजे सांगितलाय. मामूंचं नाव उदगीरपर्यंत ऐकू गेलं पायजे."

"आणि पीराचा नियम?"

"मामू होते तवर त्यो नियम त्यांनी सांभाळला," तो डोळे पुसत म्हणाला. "आता कोण हाय सांभाळायला?"

त्याच्यावर रागावता येईना. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. नसीमआपानं आशुरखान्याची चावी माझ्या हातात दिली. आत चुन्याचा आणि जुन्या उदाचा वास होता. हलगी खुंटीवर होती. मी काढताना बोट कातड्याला घासलं, आणि ती बोलली… लहानसा, घट्ट, खणखणीत आवाज. जाण्याआधीही मामूंनी ती शेकून ठेवली होती. बाहेरच्या अंगणात एकाएकी सगळे गप्प झाले. त्या शांततेत मला पुन्हा पाय ऐकू आले. या वेळी मी दाराकडे वळून बघितलं नाही.

म्हणून हे लिहिते आहे. आमच्या गावाला कळू द्या: कातडं फाटलं नव्हतं. पीरानं काही मनाई केली नव्हती. एका माणसानं नाही म्हटलं होतं आणि दुसऱ्यानं ते आयुष्यभर आपल्या पावलांनी पाळलं होतं. हे वाचूनही डीजे लावायचा तर लावा. मी सवारीच्या पाया पडत नाही, पडणारही नाही. पण यंदा ती ओढ्याकडे निघेल तेव्हा मी आज्याची हलगी हातात घेऊन पुढे चालणार आहे. वाजवणार नाही.

तुम्हाला एकच मागणं आहे. तुमच्या गावात सवारी, पालखी, छबिना, जे काही निघत असेल, ते निघण्याआधी वाजवणाऱ्याजवळ जा. त्याचं नाव विचारा. मग विचारा, "तुला वाजवायचंय का?" तो हो म्हणाला तर आनंदानं ऐका. नाही म्हणाला, तर कुणी काही बोलायच्या आत चपला काढा आणि पहिलं पाऊल तुम्ही टाका.