उठून नमस्कार करणारा माणूस

ते प्रकरण आठवलं की आजही मला आधी हसू येतं, आणि मग स्वतःचा थोडा रागही येतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका ग्रामसेविकेच्या सहीचे दोन बनावट जन्मदाखले सापडले होते. बाई पिंपळगाव राजा या गावाकडच्या, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या. "सही माझीच दिसते, पण मी केलेली नाही," एवढंच त्या सांगत. निलंबन झालं होतं. खरा गुन्हेगार सापडला नाही तर नोकरी जाणार आणि अटकही होणार, हे उघड होतं. गावाने तर त्यांना केव्हाच चोर ठरवलं होतं.

दाखले घेणारे दोघेही वडनेर भोलजीच्या रस्त्यावर ऑनलाइन कामं करून देणाऱ्या एका दुकानदाराकडे गेले होते. आम्ही चौकशीला गेलो. आम्हाला पाहताच तो ताडकन उठला, हात जोडले. "या साहेब, बसा." त्याच क्षणी त्याचा लॅपटॉप बंद झाला. "बॅटरी गेली त्याची," म्हणत त्याने तो पुन्हा सुरू करून दाखवला. आत वीजबिलं आणि लोकांचे फोटो, बाकी काही नाही.

ठाण्यात आणून दोन तास विचारपूस केली. प्रत्येक उत्तराच्या आधी 'साहेब'. जप्ती करण्याइतकं हाती काही नव्हतं, म्हणून सोडून दिला. "माणूस सज्जन वाटतो," असं मी हवालदारांना म्हणालोही. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर!

दुसऱ्या दिवशी त्याच्या समोरचा चहावाला ठाण्यात आला.

"साहेब, तो तुमच्यासाठी पटकन उठला. पन रोज चहा घ्यायले उठते ना, तं पयले कंबरेची दोरी सोडते. काल काऊन नाई सोडली?"

"कसली दोरी?"

"करदोड्याले बांधेल हाये. दुसरं टोक लॅपटॉपले."

सायबर शाखेच्या अंमलदाराला फोन लावला. तो म्हणाला, "दोरीच्या टोकाला नखाएवढा यूएसबी असेल, साहेब. त्यात काही साठवलेलं नसतं. तो लावलेला असेल तोवर लॅपटॉपमधला गुप्त कप्पा उघडा. उपटला की लॅपटॉप आणि कप्पा दोन्ही बंद, आणि कप्प्याचा पासवर्ड त्याच्या डोक्यात." म्हणजे तो नमस्कार नव्हता, कुलूप होतं. त्याला उठूच द्यायचं नव्हतं.

तोड आमच्या महिला शिपायाने काढली. "साहेब, पाया पडणाऱ्याच्या डोक्यावर पाय देऊन कोण उठते?"

तिने गिऱ्हाईक होऊन मुलीचा दाखला सांगितला. दुसऱ्या दिवशी दुपारी साध्या वेशातले दुसरे एक हवालदार तिच्यासोबत नवरा म्हणून गेले; दोघांनाही त्याने आधी पाहिलेलं नव्हतं. मी पंचांना घेऊन चहाच्या टपरीवर थांबलो. पडद्यावर दाखला तयार होताच ती वाकली. "लय उपकार झाले, भाऊ!" आणि दोन्ही पाय घट्ट धरले. गडी खूश होऊन आशीर्वाद देत होता, तेवढ्यात हवालदारांनी यूएसबीवर अंगठा दाबला. मी आत शिरलो आणि कात्रीने दोरी कापली. हा पुन्हा नमस्काराला उठू पाहत होता. पण पाय तिच्या हातात होते.

कप्प्यात ग्रामसेविकेची स्कॅन केलेली सही सापडली, शिक्काही सापडला. पंचनामा पूर्ण होईपर्यंत हवालदारांनी अंगठा उचलला नाही. दोरी कापली आहे हे सांगूनही त्यांचा विश्वास बसेना.

या प्रकरणाने माझी एक खोड मोडली. पोलिसांशी माणूस किती अदबीने वागतो, यावरून मी माणसं जोखत असे. आता तो रोज कसा वागतो हे आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारावं, असं मी नव्या अधिकाऱ्यांना सांगतो.

निलंबन उठल्यावर बाई पुरवणी जबाबासाठी वडिलांसोबत आल्या. जबाबाखाली सही करताना त्यांचा पेन थांबला.

"साहेब, सगळे म्हणतात आता सही बदल."

म्हातारा कडाडला, "काऊन बदलतं वं? चोरानं वापरली म्हनून आपली वस्तू टाकून देतेत का?"

बाईंनी नेहमीचीच सही केली, एक वेलांटीही न बदलता. मला फार बरं वाटलं.